आधी निजायला जागा, मग दारूचा विषय

प्रश्न थोडक्यात असा आहे: विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी एसटी स्टँडच्या मागच्या शेडमध्ये आणि आठवडी बाजाराच्या ओट्यांवर पाच-सहा पोरं रात्री झोपतात. वयं १५ ते २२ च्या आसपास. दोघं-तिघं सकाळपासूनच प्यालेले असतात, एक लहानगा पंक्चरचं सोल्युशन ओढतो. गावातल्या तरुण मंडळानं वर्गणी काढली आहे आणि सगळ्यांना गाडीत घालून व्यसनमुक्ती केंद्रात न्यायचं चाललंय. हे बरोबर होईल का?

वर्गणी काढली हे चांगलंच. पण ती केंद्राच्या फीमध्ये घालू नका, निदान आत्ता तरी नाही. महिनाभर केंद्रात राहिलेला पोरगा परत आल्यावर त्याच ओट्यावर झोपणार असेल, तर बहुतेक वेळा आठवडाभरात पुन्हा पितो. थंडी, डास, कुत्री, शिपायाची काठी आणि पोटातली आग हे दारूशिवाय कसं सोसायचं, ते त्याला केंद्रात कोणी सांगितलेलं नसतं. दारूपायी घर सुटलं अशी आपली समजूत असते. पुष्कळदा उलट घडलेलं असतं. घर आधी सुटतं, मग उघड्यावर डोळा लागावा म्हणून पिणं वाढतं. म्हणून क्रम असा ठेवा: निजायची जागा, जेवण, अंगातलं दुखणं, कागद, काम, आणि नशेचं काम ह्या सगळ्याच्या सोबतीनं. ‘आधी सोड, मग जागा देऊ’ अशी अट घातली की सगळ्यात जास्त अडचणीतला पोरगाच पहिल्या दिवशी गळतो.

आणखी एक गोष्ट. स्टँडवर दिसतात तेवढीच पोरं बेघर आहेत असं धरून चालू नका. खेड्यातला बेघर पोरगा शहरातल्यासारखा फुटपाथवर दिसत नाही. तो चार दिवस मामाकडे, चार दिवस जिनिंगच्या आवारात, हंगामात वीटभट्टीवर असतो. नागपूर-हैदराबाद हायवेच्या ढाब्यांवर भांडी घासून तिथंच खाटेवर पडतो. रानडुकरांसाठी शेतात जागल करणाऱ्याला खोपडी मिळते, रात्रीचं जेवण मिळतं आणि मोबदल्यात कधीकधी पव्वाच मिळतो. अशा पोराला ‘तुझं घर कुठं’ विचारलं तर तो गावाचं नाव सांगेल आणि तुम्हाला वाटेल की घर आहे. विचारायचं असं: “काल रात्री कोठी झोपला? परवा?” तीन रात्रींची तीन ठिकाणं आली की काय ते समजतं.

वय आधी, बाकी मग

पहिली विभागणी वयाची करा, कारण तिथून कायदा वेगळा होतो. १८ पूर्ण न झालेला प्रत्येक जण बाल न्याय कायदा २०१५ नुसार बालक आहे. सोल्युशन ओढणाऱ्या त्या लहानग्यासाठी आज रात्रीच १०९८ ला, म्हणजे मुलांसाठीच्या हेल्पलाइनला, फोन करा. त्याला परस्पर कोणाच्या घरी ठेवू नका आणि परस्पर केंद्रातही टाकू नका. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत त्याला जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीपुढे उभं करावं लागतं. पुढं कुठं राहायचं ते समिती ठरवते. तालुक्याहून जिल्हा लांब असतो, म्हणून जिल्हा बाल संरक्षण कक्षाचा नंबर आधीच काढून ठेवा. सोबत ओळखीची एखादी अंगणवाडी सेविका किंवा आशा असली तर पोरगा घाबरत नाही. पोलिसांच्या गाडीतून एकटा गेला की तो ‘मला धरून नेलं’ असंच समजतो आणि पहिल्या संधीला पळतो.

ह्याच कायद्याची दोन कलमं गावात कोणाला माहीत नसतात. कलम ७७: मुलाला दारू, तंबाखू किंवा अमली पदार्थ देणाऱ्याला ७ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड. कलम ७८: मुलाकडून दारू किंवा अमली पदार्थांची विक्री वा ने-आण करवली तरी तेवढीच शिक्षा. वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ ते २०२१ अशी होती. बंदीच्या जिल्ह्यात दारू शेजारच्या जिल्ह्यातून येते, आणि शेवटचे दोन-चार किलोमीटर ती पुष्कळदा अशाच पोराच्या दप्तरात असते. मजुरी म्हणून त्याला त्यातलाच माल मिळतो. असा पोरगा सापडला तर तो आरोपी नसून वापरला गेलेला मुलगा आहे, हे ठाण्यात पहिल्या पाच मिनिटांत, कलमाचा आकडा सांगून मांडावं लागतं. बंदीच्या जिल्ह्यात आणखी एक अडचण येते. ‘पितो का’ ह्या प्रश्नाला पोरं नाहीच म्हणतात, कारण होय म्हटलं की केस होईल ही भीती. दवाखान्यात हीच लपवाछपवी जिवावर बेतते. ते पुढं सांगतो.

१८ च्या वरच्याला उचलून नेणं हा मार्गच नाही. तो सज्ञान आहे, त्याची हो असायला हवी, आणि ती मिळवायला दोन-तीन आठवडे लागतात.

पहिल्या संध्याकाळी काय न्यायचं

प्रवचन घरी ठेवा. पिशवीत पाणी, ओआरएसची पाकिटं, साबण, पट्टी आणि एक नेलकटर. हसू नका, नेलकटर सगळ्यात कामाचा. “आण हात इकडं, नखं काढून देतो” म्हटलं की पोरगा हात पुढं करतो, आणि ह्या पाच मिनिटांत दवाखान्यात कळणार नाही इतकं कळतं. बोटं पसरल्यावर थरथरतात का? थरथर सकाळी जास्त आणि प्याल्यावर कमी होते का? नखं पांढरीफटक आहेत का, म्हणजे रक्त कमी? बोटांच्या टोकांवर चिकट पापुद्रे आहेत का? तेवढ्या जवळून तोंडाचा वासही येतो. सोल्युशन ओढणाऱ्याच्या नाकाभोवती, ओठांभोवती लालसर पुरळ असतं, बाही किंवा रुमाल कडक झालेला असतो, आणि कपड्यांना रंगाच्या डब्यासारखा वास येतो. डोळे लाल पण तोंडाला दारूचा वास नाही, बोलणं संथ, भूक जास्त असेल तर गांजा. जीभ जड, डोळे मिटत चाललेले, वास नाही, असं असेल तर झोपेच्या गोळ्या, ज्यांना पोरं ‘बटन’ म्हणतात.

पहिल्या आठवड्यात एकच प्रश्न रोज: “जेवला का बाबू?” त्याच वेळी, त्याच जागी, तोच माणूस. रोज वेगवेगळे कार्यकर्ते आणि सोबत फोटो काढणारे आले, की पोरं पांगतात. एकानं ठरवून तीन महिने जायचं. जमत नसेल तर सुरूच करू नका. अर्ध्यात सोडणारी माणसं ह्यांनी आधीच पुष्कळ पाहिलेली असतात.

कोंडून दारू उतरवू नका

सगळ्यात जास्त चुका इथं होतात. ‘खोलीत घाला, कडी लावा, दोन दिवसांत उतरेल’ हा गावातला सल्ला रोज पिणाऱ्यासाठी जीवघेणा ठरू शकतो. शेवटच्या घोटानंतर साधारण ६ ते २४ तासांत थरथर, घाम, मळमळ, धडधड सुरू होते आणि झोप उडते. फिट येते ती बहुतेक पहिल्या ४८ तासांत. त्यानंतर, ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान, काहींना भ्रम होतो: भिंतीवर किडे चालताना दिसतात, कोणी मारायला आलंय असं वाटतं, ताप चढतो, दिवस की रात्र कळत नाही. गावात ह्याला बाहेरची बाधा म्हणतात आणि मांत्रिकाकडे नेतात. ही बाधा नाही, दारू एकदम तुटल्यानं मेंदू खवळलेला असतो, आणि उपचार न मिळाल्यास माणूस दगावतो.

म्हणून आधी चार गोष्टी विचारा. सकाळी उठल्या-उठल्या घ्यावी लागते का? न पिता कधी फिट आली होती का? रोज किती? दारूसोबत गोळ्या घेतो का? इंग्लिशच्या १८० मिलीच्या पव्व्यात, ती ४२.८ टक्क्यांची असेल तर, सुमारे ६० ग्रॅम अल्कोहोल असतं. मोहाच्या किंवा गुळाच्या हातभट्टीचा असा हिशेब लागत नाही, प्रत्येक भट्टीचा जोर वेगळा. तिथं ‘किती ग्लास, किती रुपयांची’ असं विचारा. सकाळची लागते, आधी फिट आली आहे किंवा सोबत गोळ्या आहेत, ह्यातलं एकही ‘हो’ आलं तर दारू बंद करायची ती ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात भरती करूनच. तोवर त्याची बाटली हिसकावू नका. तुम्ही विकत आणून द्या असंही म्हणत नाही, पण ओढून घेऊन फेकण्यात शौर्य नाही. झोपेच्या गोळ्या रोज घेणाऱ्यालाही हेच लागू: त्या एकदम तोडल्या तर फिट येते, डॉक्टर हळूहळू कमी करतात.

भरती करताना केसपेपरवर ‘रोज दारू पितो, शेवटची अमुक वाजता घेतली’ हे लिहून घ्या. वर सांगितलेली लपवाछपवी इथं नडते. पोरगा तापासाठी किंवा जखमेसाठी भरती होतो, दारूचं कोणी बोलत नाही, आणि दुसऱ्या रात्री वॉर्डात फिट येते. सलाईन लागत असेल तर थायमिन, म्हणजे बी-१, दिलं का हे नम्रपणे विचारा. उपाशीपोटी पिणाऱ्याच्या अंगात ते संपलेलं असतं. थायमिनशिवाय नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते: नजर फिरते, तोल जातो, पुढं विसरभोळेपणा कायमचा राहतो. डोस डॉक्टर ठरवतील, आठवण करून देणं तुमच्याकडे.

आता खरी अडचण. सरकारी दवाखान्यात सोबतचा माणूस मागतात, आणि ह्याला सोबत कोणी नाही. रुग्ण पळून गेला अशी नोंद होते त्यामागं बहुतेक वेळा हेच असतं. तरुण मंडळाची खरी गरज इथं आहे. पहिल्या चार रात्रींची पाळी लावा, रात्री ८ ते सकाळी ८, दोघं-दोघं. कागदावर नावं लिहून नर्सबाईंना द्या. पोरं आणखी एका गोष्टीनं पळतात, तिच्याकडे कोणाचं लक्ष नसतं: खर्रा, म्हणजे घोटलेली सुपारी-तंबाखू. दारू तुटलेली असताना खर्राही काढून घेतला की तो सहा तासांतच वॉर्डाबाहेर असतो. दोन्ही एकदम सोडवायचा हट्ट नको. औषधाच्या दुकानात २ मिलिग्रॅमची निकोटिन गम मिळते. ती च्युइंगगमसारखी सलग चघळायची नाही, दोन-चारदा चावून गालात दाबून ठेवायची. डॉक्टरांना विचारून तेवढे चार दिवस ती चालवा.

सुट्टी होताना गोळ्यांची अख्खी पट्टी पोराच्या हातात देऊ नका. दारू उतरवायला दिलेल्या गोळ्या त्याच ‘बटन’च्या जातीच्या असतात. त्या विकल्या जातात, किंवा दारूवर घेतल्या जातात आणि मग श्वास मंदावतो. एका दिवसाच्या गोळ्या एका दिवशी, तुमच्यासमोर.

इलाज फुकट मिळावा हा उपकार नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये दारू-ड्रग्जच्या व्यसनाशी निगडित आजार येतात, आणि बेघर किंवा दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला सरकारी मदतीच्या संस्थांत ते उपचार मोफत मिळायला हवेत असं त्यात लिहिलंय. फोनवर सल्ला हवा तर नशामुक्तीसाठी १४४४६, मानसिक त्रासासाठी टेलि-मानस १४४१६.

‘पिऊन पडलाय’ म्हणण्याआधी

विदर्भात हा भाग वेगळा सांगावा लागतो. ओट्यावर पडलेला पोरगा दारूनंच पडलाय असं गृहीत धरल्यानं जीव जातात.

जमिनीवर झोपणाऱ्याला पावसाळ्यात मण्यार चावते. दंश रात्री होतो, दुखत नाही, सुजत नाही, खूण सापडत नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या खाली पडतात, जीभ जड होते, थुंकी गिळता येत नाही. लांबून बघणाऱ्याला हुबेहूब प्यालेला. पापण्या उचलता येत नसतील तर वास असो-नसो, सर्पदंश धरून दवाखाना गाठा. प्रतिविष ग्रामीण रुग्णालयात असतं, आणि वाट पाहण्यात श्वास बंद पडतो.

ऑगस्ट-सप्टेंबरात कपाशीच्या फवारणीला मजूर मिळत नाही तेव्हा अशाच पोरांना पंप पाठीवर देतात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा सगळ्यांना कळलं. दरवर्षीचं कोणी मोजत नाही. घाम, तोंडाला लाळ, डोळ्यांची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी, अंगाला औषधाचा वास: कपडे काढा, साबणानं अंग धुवा, फवारणीच्या बाटलीसह दवाखान्यात न्या.

सिकलसेल, म्हणजे रक्ताचा आनुवंशिक आजार, आपल्या भागात पुष्कळ आहे, गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नागपूर सगळीकडे. दारूनं अंगातलं पाणी कमी होतं, रात्री थंडी लागते, आणि हाडं-सांधे असह्य ठणकायला लागतात. पोरगा दुखण्याचं इंजेक्शन मागतो आणि कंपाउंडर म्हणतो, नशेसाठी मागतोय. सगळ्या पोरांची सिकलसेल तपासणी एकदा करून घ्या, प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. ज्याला आजार आहे त्याचं कार्ड त्याच्या गळ्यातल्या पिशवीत हवं. काही पोरांची वेदनाशामक गोळ्यांची सवय ह्या दुखण्यातूनच सुरू झालेली असते. तिथं आधी दुखण्याचा इलाज.

मे महिन्यात ऊष्माघात, डोक्याला मार (केसांत हात घालून बघा), आणि उपाशी पिऊन साखर उतरणं ही बाकीची तीन कारणं. शुद्धीत असेल तर साखर-पाणी द्या. शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही घालू नका: लिंबू नाही, ताक नाही, मिठाचं पाणी नाही, ओकारी काढणं नाही. डाव्या कुशीवर वळवा, वरचा गुडघा दुमडा, तोंड जरा खाली करा. मिनिटभर श्वास मोजा. दहापेक्षा कमी असतील, ओठ निळे असतील किंवा चिमटा काढूनही हलत नसेल तर १०८.

हातभट्टीची किंवा स्पिरिटची घेतल्यावर काही तासांनी, बहुतेक दुसऱ्या दिवशी, ‘धुकं दिसतं’ म्हणाला, पोट दुखतंय, श्वास जोरात चाललाय, तर ते मिथेनॉल असू शकतं. डोळे जातात, जीवही जातो. उरलेली दारू बाटलीसह सोबत न्या, आणि त्याच्यासोबत आणखी कोण-कोण प्यालं ते लगेच शोधा, ठणठणीत दिसत असले तरी.

सोल्युशन ओढणाऱ्याला पळवू नका

पंक्चरच्या आणि चिकटवायच्या सोल्युशनमध्ये टोल्युइनसारखे द्रव असतात. ते हुंगल्यावर हृदय अड्रेनॅलिनला, म्हणजे भीतीनं किंवा धावण्यानं अंगात सुटणाऱ्या रसायनाला, फार नाजूक झालेलं असतं. अशा वेळी मुलाच्या मागे धावणं, ओरडणं, दांडका दाखवणं, ह्यानं ठोके बिघडून तो जागीच कोसळू शकतो, अगदी पहिल्यांदाच हुंगलं असलं तरी. हातात रुमाल दिसला तर हळू बोला, मोकळ्या हवेत बसवा, ट्यूब शांतपणे बाजूला घ्या. सोल्युशन उतरवायला वेगळं औषध नसतं. काही दिवस डोकेदुखी, चिडचिड, झोप न लागणं राहतं. खाणं आणि सोबत हाच इलाज. पंक्चरवाल्यांशी बोलायचं तर धमकी देऊ नका, ह्यानं मुलांचं काय होतं ते सांगा. टायर न आणता सोल्युशनची ट्यूब मागणाऱ्या पोराला ती द्यायची नाही, एवढं दोन-तीन दुकानदारांनी पाळलं तरी फरक पडतो.

खोली

शहरी भागातल्यासारखी बेघरांसाठीची निवारागृहं तालुक्याच्या खेड्यांत नाहीत, म्हणून खोली आपणच उभी करावी लागते. समाजमंदिराची मागची खोली, ग्रामपंचायतीची पडीक इमारत, नाहीतर भाड्याची खोली, १८ वरच्या चार-पाच जणांसाठी. त्याहून जास्त एकत्र नकोत. खाट किंवा जमिनीपासून फूटभर उंच फळी (मण्यार आठवा), मच्छरदाणी, कुलूप लागणारी प्रत्येकाची पेटी, नळ, संडास. पेटी चैनीची वस्तू नाही. चपला आणि मोबाइल चोरीला जातात म्हणून पोरं रात्रभर जागतात, आणि जागण्यासाठी पितात.

नियम तीनच: आत पिणं नाही, आत हत्यार नाही, मारामारी नाही. ‘पिऊन यायचं नाही’ हा नियम लावू नका. पिऊन आला तर बाहेरच्या पडवीत खाट, कुशीवर झोपवणं, पाणी, आणि रात्री दोनदा उठून बघणं. भांडण सकाळी, तेही चहानंतर. नियम मोडल्यावर बाहेर काढायचं तर एका रात्रीपुरतं, आणि परत कधी यायचं ते सांगूनच.

मोठ्यांच्या खोलीत १८ खालच्याला झोपवायचं नाही, मग पाऊस असो की काहीही.

मुलींचं वेगळं. स्टँडवर एकटी मुलगी दोन रात्रीही दिसत नाही, कारण कोणीतरी ‘जागा’ देऊन नेतं, आणि दारू बहुतेक तिथूनच सुरू होते. बोलायला बाईच हवी. १८ खाली असेल तर १०९८, वर असेल तर १८१ ही महिला हेल्पलाइन आणि जिल्ह्याचं सखी केंद्र. १८ खालच्यावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोक्सो कायद्यानं कळवणं बंधनकारक आहे, ‘तिची बदनामी होईल’ हे कारण चालत नाही. हायवेच्या ट्रकथांब्यांवर मुलांसोबतही हे घडतं. मुलगे ते कधीच आपणहून सांगत नाहीत. गुदद्वाराशी दुखणं, बसायला त्रास ह्याची तक्रार हसण्यावारी नेऊ नका.

कागद, काम, बाजार

आधार कुठं हरवलं माहीत नसतं, पण एकदा निघालेलं असेल तर आधार केंद्रावर बोटाच्या ठशावरून शोधता येतं. ठसे जुळत नाहीत त्याचं एक कारण असं: १५ व्या वर्षी ठसे नव्यानं द्यावे लागतात, आणि त्याआधीच पोरानं घर सोडलेलं. आधार कधी निघालेलंच नसेल तर मान्यताप्राप्त निवारागृहाच्या प्रमुखाचा किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचा ठरलेल्या नमुन्यातला दाखला चालतो. बँक खातं त्याच्यानंतर, आणि खातं लागतंच. का, ते पुढं.

कोणतं काम नको हे आधी ठरवा. सोल्युशनवाल्याला पंक्चरचं दुकान, रंगकाम, फर्निचर, पेट्रोल पंप नको. पिणाऱ्याला ढाबा नको, मोहफुलाच्या दिवसांत भट्टीच्या वाटेवरची जागल नको. कोणालाच फवारणी नको. बरं जमतं ते दूध संकलन, रोपवाटिका, कापूस वेचणी. वेचणीला किलोवर पैसे मिळतात, त्यामुळं थरथरत्या हाताचा पोरगाही पहिल्या आठवड्यात दहा-बारा किलोवरून सुरू करू शकतो आणि कोणी हाकलत नाही.

आता बाजार. आपल्याकडं मजुरीचा चुकारा बाजाराच्या दिवशी होतो. बाजाराच्या दिवशी खिशात आठवड्याचे पैसे, चारी बाजूंनी ओळखीचे पिणारे. घसरण्याचा वार कॅलेंडरवर आधीच छापलेला असतो म्हणा ना. शेतकऱ्याला भेटून एवढंच मागा: चुकारा बाजाराच्या दुसऱ्या दिवशी करा, अर्धा खात्यात. अडवणूक करणारा शेतकरी क्वचितच भेटतो. मजूर बाजाराच्या दुसऱ्या दिवशी गायब होतो हे त्याच्याही अंगावर आलेलं असतं. सणांचंही तसंच. पोळ्याची कर (पोळ्याचा दुसरा दिवस), होळी, झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, दिवाळीनंतरच्या मंडया (जत्रा), आणि मार्च-एप्रिलात मोहफुलं. त्या तारखांना खोलीत माणूस वाढवा, काम दुसऱ्या गावी काढा. शिव्या नकोत. घसरला तर काय झालं त्या दिवशी, कोण भेटलं, पैसे कुठून आले, इतकं शांतपणे लिहून घ्या. दोन-तीन घसरणी लिहिल्या की त्याच वेळा, तीच माणसं दिसायला लागतात.

गांजा किंवा ब्राऊन शुगरसोबत पकडला गेला असेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. थोड्या प्रमाणातल्या पदार्थाबद्दल, स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घ्यायला तयार असलेल्या व्यसनीला एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याच्या कलम ६४-अ खाली खटल्यातून सूट मागता येते. वकिलानं ती मागावी लागते, आपोआप मिळत नाही.

केंद्र कधी

केंद्राची मी थट्टा करत नाही. कधी जायचं हा प्रश्न आहे. पोरगा स्वतः ‘जातो’ म्हणाला, परतल्यावर झोपायची जागा ठरलेली आहे, आणि वारंवार घसरतोय, तर जरूर. जाण्याआधी तुमच्यातल्या एकानं स्वतः बघून यायचं. मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी आहे का? डॉक्टर रोज येतो की फक्त पाटीवर आहे? दारू उतरवताना कोणती औषधं देतात? रुग्ण आपल्या मर्जीनं बाहेर पडू शकतो का? घरचे भेटू शकतात का? साखळी, मारहाण, ‘शिक्षा खोली’ असं काही दिसलं तर तिथून निघा; साखळदंड बांधायला कायद्यानं मनाई आहे. ‘आम्ही गाडी पाठवून उचलून आणतो’ असं फोनवर सांगणाऱ्या ठिकाणी पाठवूच नका. आणि अफूच्या जातीचं काही, म्हणजे ब्राऊन शुगर किंवा तसल्या वेदनाशामक गोळ्या घेणारा असेल तर एक धोका त्यालाही सांगून ठेवा: महिनाभर तुटल्यावर अंगाची सोसायची ताकद उतरलेली असते, पूर्वीचाच डोस घेतला तर श्वास थांबतो.

घरी परत पाठवणं शेवटी. पहिल्याच दिवशी बापाला फोन करू नका. बाप पितो, सावत्र बाप मारतो, दहावीत नापास झाला, शेतीच्या कर्जात बापानं जीव दिला आणि घर मोडलं, ह्यातलं काय ते आधी कळू द्या. बहुतेक वेळा दार उघडतं ते आजीचं, आत्याचं नाहीतर मावशीचं. आधी एका दुपारची भेट, मग एक मुक्काम करून परत, मग आठवडा. खोलीतली त्याची पेटी तोवर कोणाला देऊ नका. १८ खालच्याचं हे सगळं समितीच्या आदेशानं.

वर्गणीचं म्हणाल तर सहा महिन्यांचं खोलीभाडं बाजूला काढा, मग चार खाटा, मच्छरदाण्या आणि पेट्या घ्या, दवाखान्याच्या पाळीवर बसणाऱ्यांच्या चहा-पेट्रोलला थोडे ठेवा. उरले तर एकाच्या केंद्राच्या फीसाठी राखून ठेवा, नाव आत्ता ठरवू नका. आणि १०९८ चा फोन बैठकीआधी करा, बैठक रविवारी आहे म्हणून थांबू नका.